कौल कुणाला सांगू नये

आम्हा गोमंतकीयांना बोलायला आवडते. म्हापशाच्या बाजारात भेटलेला ओळखीचा माणूस पाच मिनिटांत बांगड्यांचा भाव, मुलीला आलेले स्थळ, भावाशी चाललेला जमिनीचा खटला आणि स्वतःच्या पोटाचे दुखणे एवढे सगळे सांगून मोकळा होतो. पण त्यालाच विचारून बघा, 'काल देवळात प्रसाद घेतलास म्हणे, काय झाले?' तो हसेल, पिशवी या हातातून त्या हातात घेईल आणि यंदा पाऊस कसा लांबला यावर बोलू लागेल.

या गप्प बसण्याचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. त्याचे दोन प्रकार आहेत असे आता मला वाटते. एक मर्यादेचे आणि दुसरे भीतीचे. वरून दोन्ही अगदी सारखीच दिसतात. आपण स्वतः कोणत्या प्रकाराने गप्प आहोत हेही बऱ्याचदा आपल्याला कळत नाही. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

कौल म्हणजे काय हे जुन्या वाचकांना सांगायला नको. पण गोव्याबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. देवाच्या मूर्तीला ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या नाहीतर पाने चिकटवतात. भटजी किंवा गुरव आपल्या वतीने गाऱ्हाणे घालतो, प्रश्न मांडतो. मग सगळे गप्प राहून वाट पाहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. डावीकडची पडली तर थांबायचे. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही. गाभाऱ्यात समई जळत असते, बाहेर कुणाचा तरी स्कूटर सुरू होत नसतो आणि आपण त्या इवल्याशा पाकळीकडे डोळे लावून उभे असतो. लग्न, घराचा पाया, कोर्टातला दावा, आखातातली नोकरी, ऑपरेशन... काय काय विचारलेले असते त्या पाकळ्यांना!

माझी आजी याबाबत फार कडक होती. कौल घेऊन आल्यावर ती थेट माजघरात जायची. कुणी विचारलेच तर म्हणायची, "देवाची गजाल देवाकडेन दवरची, पुता." यामागचे तिचे कारण मला मोठेपणी कळले. एकदा का कौल चारचौघांत सांगितला, की प्रत्येकाचे मत त्याला चिकटते. कुणी म्हणतो पुन्हा घ्या, कुणी म्हणतो दुसऱ्या देवळात जा, कुणी म्हणतो गुरवाने पाणीच कमी लावले. मग आपण देवाला विचारलेले राहते बाजूला आणि गावाला विचारल्यासारखे होते. आजीचे गप्प बसणे हे असे होते. त्यात कुणाची भीती नव्हती. तिजोरीची किल्ली जशी कमरेला असते, तशी ती गोष्ट तिच्याकडे होती.

दुसरे गप्प बसणे मात्र आपल्या मातीत फार जुने आहे. ते आपल्याला शिकवले गेले आहे.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते इथे होते. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे देव खाडी ओलांडून अंत्रूजात कसे आले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या काळात देव घेऊन जाणाऱ्यांपेक्षा मागे राहिलेले लोक किती तरी जास्त होते. त्यांच्याबद्दल आपण कमी बोलतो. १४ एप्रिल १७३६ चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ साली निघालेल्या इंग्रजी ग्रंथात वाचायला मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांनी काय करू नये याची ती यादी आहे. घरात किंवा परसात तुळस लावू नये. एकादशीचा उपास करू नये. लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत. आणि भात शिजवताना मीठ न घालता, हिंदूंसारखे नंतर चवीपुरते घेऊ नये!

मिठाचे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. तुळस दिसते, शेजाऱ्याला कळते. पण भाताच्या भांड्यात मीठ केव्हा पडले, हे कुणाला कळणार? घरातल्या माणसाने सांगितल्याशिवाय ते बाहेर जाणारच नाही. म्हणजे भीती चुलीपर्यंत पोचली होती. आणि ज्या अर्थी १७३६ साली हे सगळे मना करावे लागले, त्या अर्थी पावणेदोनशे वर्षांनंतरही लोक ते करत होते. कुणाला न सांगता, दार लावून.

त्या चुलीजवळच्या बाईने आपल्या मुलीला काय सांगितले असेल? 'कर, पण बोलू नकोस.' एवढेच. मला वाटते, आपल्या किनाऱ्यावर कितीतरी पिढ्या हे एक वाक्य आईकडून मुलीकडे गेले. पुढे भीतीचे कारण गेले आणि वाक्य तेवढे राहिले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. आता कुठल्या देवाला जावे, कुठला उपास करावा यावर कुणाची बंदी नाही. तरी आपण लपवतोच. फक्त न्यायाधीश बदलले.

आमच्या वडिलांचेच बघा. आगरकर वाचलेला माणूस. सत्यनारायणाला कुणी बोलावले तर 'प्रसादापुरता येतो' म्हणायचे. भटजींशी वाद घालायचे, आणि भटजीही त्यांच्याशी आनंदाने घालायचे. पण अवसेला संध्याकाळी ते 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून बाहेर पडत. आमच्या गावच्या वेशीवर वडाखाली राखणदाराची जागा आहे. रात्री हातात दांडा घेऊन तो गावाची फेरी मारतो, अशी आपली समजूत. तिथे कुणी रोट ठेवतो, कुणी मेणबत्ती लावतो, कुणी थोडी दारू ओततो. वडील स्वतः आयुष्यात कधी विडी प्यायले नाहीत. पण त्यांच्या पश्चात टेबलाचा खण उघडला, तर विड्यांचे अर्धे बंडल आणि एक काड्यापेटी! आम्ही भावंडे एकमेकांकडे बघत राहिलो. मग धाकटा भाऊ म्हणाला, "राखणदाराची असणार." कुणी हसले नाही.

मी स्वतः तीस वर्षे हायस्कूलात विज्ञान शिकवले. मुलगी चार वर्षांची असताना तिचा ताप आठवडाभर उतरेना. डॉक्टरांनी दिलेले एकही औषध आम्ही चुकवले नाही, एकही तपासणी टाळली नाही. आणि त्याच आठवड्यात मी कवळ्याला जाऊन शांतादुर्गेचा प्रसादही घेतला. या दोन गोष्टी माझ्या मनात कधी भांडल्या नाहीत. औषध मुलीसाठी होते. पाकळी माझ्यासाठी होती, कारण त्या रात्री मला झोप हवी होती. पण हे मी कुणालाही सांगितले नाही. पुढे एकदा स्टाफरूममध्ये परीक्षेआधी मुलाला देवळात नेणाऱ्या पालकांची टिंगल चालली होती. मी वह्या तपासत राहिलो.

खरे तर टिंगल करणारे माझे मित्र वाईट नव्हते. अंधश्रद्धेविरुद्ध ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे म्हणणे मला नेहमीच पटत आले. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे ते वारंवार सांगत. २०१३ साली त्यांची हत्या झाली तेव्हा मला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले होते. पण स्टाफरूममध्ये एवढा बारीक भेद कोण करतो? तिथे एकच प्रश्न असतो, 'सर, तुम्हीसुद्धा?' या 'सुद्धा'ला माणूस फार घाबरतो.

दुसरे न्यायाधीश घरचे. त्यांना आपली श्रद्धा जास्त वाटत नाही, अपुरी वाटते. सोवळ्यात होतास का? कुळदेवाला आधी नारळ ठेवलास का? तिथे गेलास तर इथे का नाही गेलास? त्यांना उत्तरे देत बसण्यापेक्षा न सांगितलेले बरे, असे वाटते.

आणि तिसरे न्यायाधीश अलीकडचे. त्यांना देवाशी फारसे घेणे नसते, ते हजेरी मांडतात. कोण कुणाच्या देवाला जातो, कुणाचे लोक आपल्याकडे येतात आणि कुणाचे येत नाहीत, याचा हिशेब. असे हिशेबनीस हिंदूंत आहेत, तसेच ख्रिस्ती समाजातही आहेत. त्यांच्या वहीत माझ्या आईचे नाव कुठल्या रकान्यात लिहिणार, हा प्रश्नच आहे.

आता आईबद्दल.

शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, हे बार्देशात आणि डिचोलीत कुणाला सांगावे लागत नाही. सात बहिणींची ती कथा. त्यातली मिराबाई म्हणजेच मिलाग्रीस, असे लोक मानतात. दोघींमध्ये फुलांची आणि तेलाची देवघेव चालते असे सांगतात. ईस्टरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सोमवारी सायबिणीचे फेस्त होते. तेव्हा हिंदूही रांगेत उभे राहून तेल वाहतात, मेणबत्त्या लावतात. वैशाखात शिरगावला लईराईची जत्रा भरते, धोंड होमकुंडातून चालतात, देवीला मोगऱ्याच्या माळा वाहतात. वर्तमानपत्रे दरवर्षी या बहिणींवर लिहितात. आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो.

पण फेस्ताला जाणे वेगळे आणि नवस बोलणे वेगळे. फेस्ताला सगळा गाव जातो, खाज्याची पुडी आणतो. नवस बोलणे म्हणजे त्या दारात आपले दुःख घेऊन एकट्याने उभे राहणे. पहिल्याला आपण सलोखा म्हणतो. दुसरे कळले तर तेच लोक भुवया उंचावतात.

आई शेवटच्या आजारात होती तेव्हा घर नातलगांनी भरले होते. एका दुपारी तिने मला खूण करून जवळ बोलावले आणि अगदी हळू म्हणाली, "सायबिणीचें तेल रावलां. बायेक सांग." बाय म्हणजे आमची शेजारीण. आमच्या परसाला लागून तिचे घर. सगळी आळी तिला बायच म्हणते. मला काही उलगडले नाही. आणखी विचारणार तोच मावशी औषध घेऊन आत आली आणि आईने डोळे मिटले. ती पुढे फारसे बोललीच नाही.

बाराव्या दिवशी भटजींनी रीतीप्रमाणे विचारले, "वहिनींचा काही नवस राहिलाय का? असेल तर सांगा, फेडून टाकू." पंधरावीस माणसे बसली होती. तिन्ही प्रकारचे न्यायाधीश त्यात हजर होते! मी म्हणालो, "माझ्या माहितीत नाही." आजही त्या बैठकीत मी तेच उत्तर देईन. आईने जे तीस वर्षे झाकून ठेवले, ते तिच्या बाराव्याला चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार मला नव्हता.

संध्याकाळी मागच्या दाराने मी बायच्या घरी गेलो आणि आईचा निरोप सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुता, तुजी आवय म्हजीं फुलां व्हरताली, हांव तिचें तेल व्हरतालीं."

हळूहळू तिने सगळे सांगितले. तिचा नवरा बोटीवर होता. एका वर्षी सहा महिने त्याचे पत्र नव्हते. तेव्हा कुणीतरी तिला लईराईचे नाव सुचवले. पण ती गावच्या चर्चमधल्या बायकांच्या मंडळात होती. शिरगावला तिला कुणी पाहिले असते तर काय काय बोलले गेले असते, ते तिला ठाऊक होते. त्याच सुमारास माझी धाकटी बहीण दोनदा बाळंतपणात अडली होती आणि आईने मनातल्या मनात सायबिणीला तेल बोलले होते. फेस्ताच्या गर्दीत तेल वाहणे सोपे होते. पण आईचा नवस दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा होता. दर महिन्याला म्हापशाच्या इगर्जीत जाताना कुणी ना कुणी बघणारच.

मग दोघींनी विहिरीवर बसून तोडगा काढला. आई लईराईला जाताना मोगऱ्याच्या दोन माळा न्यायची. एक आपली आणि एक बायची. बाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी म्हापशाला बाजाराला जायची आणि आईच्या नावाचे तेल सायबिणीला द्यायची. दोघींनाही आपापल्या देवळात, आपापल्या इगर्जीत कुणी काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा परत आला, बहिणीला मुलगा झाला, तरी दोघींनी हे सोडले नाही. तीस वर्षे! माझ्या वडिलांना पत्ता नव्हता. बायच्या मुलांना अजून नाही.

मी घरी परतलो तेव्हा मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. पहिली, अभिमान. कुठल्याही सभेत न जाता, एकही भाषण न ऐकता या दोन बायकांनी जे केले ते आमच्यासारख्या शिकलेल्यांना सुचले नसते. आपल्याला लोकांची भीती वाटते ना, मग आपण एकमेकींचा देव सांभाळू, असा सरळ हिशेब. आणि दुसरी गोष्ट, धास्ती. आईने ते एक वाक्य बोलले नसते तर? बाय आधी गेली असती तर? हे सगळे एका परसात घडले आणि तिथेच पुरले गेले असते. आमच्या घरात कुणालाही कळले नसते की आपल्या भाच्याच्या जन्माशी एक तेलाची बाटली बांधलेली आहे.

लपवण्याची खरी किंमत ही आहे असे मला वाटते. देवाचे काही बिघडत नाही, त्याला सगळे ठाऊकच असते. नुकसान होते ते शेजारच्या माणसाचे. स्टाफरूममध्ये मी गप्प होतो. पलीकडच्या टेबलावर आणखी कुणीतरी माझ्यासारखाच खाली मान घालून वह्या तपासत नसेल कशावरून? दोघेही आपापल्या जागी एकटे. आणि मोठ्याने बोलतात ते फक्त हजेरी मांडणारे. उद्या कुणी म्हणाले, 'या बहिणींच्या गोष्टी फक्त वर्तमानपत्रात असतात, प्रत्यक्षात कुणी कुणाच्या देवाला मानत नाही,' तर त्याला उत्तर द्यायला साक्षीदार कोण? ज्यांनी मानले ते सगळे गुपचूप मानून गेले.

म्हणून काय प्रत्येकाने आपला देव कपाळावर लिहून फिरावे का? मुळीच नाही. तसे फिरणारे सध्या पुरेसे आहेत. आजीचे म्हणणे मला आजही पटते. कौल चव्हाट्यावर मांडायचा नसतो. श्रद्धेला थोडा अंधार लागतो, बियाणे जसे मातीखाली ठेवावे लागते. पण मातीखाली ठेवलेले कुठे आहे, हे घरात एकाला तरी माहीत असावे. मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे. ज्या माणसावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्याने विचारले तर सांगू शकतो का? सांगू शकत असेन, तर माझे गप्प बसणे मर्यादेचे. तिथेही जीभ अडली, तर ती त्या चुलीजवळची जुनी भीती. तिला आता निरोप द्यायला हरकत नाही.

गेल्या चतुर्थीला मुलगी घरी आली होती. माटोळी बांधता बांधता मी तिला सगळे सांगितले. तिच्या तापाच्या आठवड्यातला कौल, आजोबांच्या विड्या, आजीचे तेल. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "पहिला सोमवार ना?"

बाय आता फारशी चालत नाही. गुडघे धरलेत. तिच्या मुलांना तिने अजून सांगितलेले नाही आणि मीही सांगणार नाही, तो तिचा अधिकार. म्हापशाला तेल आता मीच घेऊन जातो, सकाळी उजेडात, बाजाराच्या पिशवीबरोबर. आणि वैशाखात शिरगावला जातो तेव्हा मोगऱ्याच्या दोन माळा घेतो. फूलवाली विचारते, "दोन कशाला?" मी सांगतो, एक आमची, एक शेजारची.